खुर्ची एक, दावेदार दोन: युरोपात राज्य नक्की कोण करतं?

ऑक्टोबर २००८. ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या नेत्यांची बैठक तोंडावर आली होती आणि पोलंडमध्ये भांडण पेटलं होतं ते विमानावरून. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांचं म्हणणं असं, की परराष्ट्र धोरण सरकार ठरवतं, तेव्हा बैठकीला सरकारची माणसं जातील. राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांचं म्हणणं, देशाचा प्रमुख मी, मला अडवणारे तुम्ही कोण? सरकारनं सरकारी विमान द्यायला साफ नकार दिला. काचिन्स्कींनी भाड्याचं विमान केलं आणि ते गेलेच. तिथे टेबलाशी प्रत्येक देशाला मोजून दोन खुर्च्या होत्या आणि पोलंडची मंडळी त्याहून जास्त झाली होती.

पुढे हा वाद घटना न्यायालयात गेला. मे २००९ मध्ये निकाल आला: राष्ट्राध्यक्षांना बैठकीला जावंसं वाटलं तर त्यांनी जावं, पण पोलंडची भूमिका काय असेल ते सरकार ठरवणार. खुर्ची मिळाली, आवाज मात्र सरकारचाच राहिला.

वाचताना हे सगळं पोरकट वाटतं. पण दोघंही रीतसर निवडून आलेले होते, दोघांकडेही राज्यघटनेतलं एखादं कलम होतं आणि दोघांनाही मनापासून वाटत होतं की आपलंच बरोबर आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत सर्वोच्च स्थानी एक नव्हे, दोन माणसं असतात, आणि त्यांच्यातली वाटणी प्रत्येक देशात निराळी आहे. म्हणून ‘युरोपातल्या अमुक देशाचा प्रमुख कोण?’ या साध्या प्रश्नाला साधं उत्तर नसतं.

आधी ही दोन कामं वेगळी करू. राष्ट्रप्रमुख म्हणजे देशाचा चेहरा. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं त्याच्या हाती देतात, कायद्यावर शेवटची सही त्याची असते, युद्धस्मारकावर पुष्पचक्र तो वाहतो. सरकारप्रमुख म्हणजे कारभारी. कर किती लावायचा, दवाखाने कसे चालवायचे, कोणत्या मंत्र्याला घरी बसवायचं, हे तो ठरवतो. स्पेन, बेल्जियम किंवा नेदरलँड्सचं युरोचं नाणं उलटून पाहिलं तर त्यावर राजाचा चेहरा दिसतो. ते नाणं कोणत्या खात्यात खर्च होणार हे ठरवणारा माणूस त्यावर नसतो.

अमेरिकेत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आहेत. युरोपीय संघाच्या २७ देशांत तसं पूर्णपणे फक्त सायप्रसमध्ये आहे. बाकी सगळीकडे घर एक आणि कर्ते दोन.

हे असं का झालं, याचं मूळ राजेशाहीत आहे. पूर्वी चेहराही राजाच होता आणि कारभारीही राजाच. मग संसदा बळावल्या आणि राजाच्या हातून एकेक गोष्ट सुटत गेली. गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी कागद बदललाच नाही. ‘राजा पंतप्रधानाची नेमणूक करतो’ हे वाक्य जिथल्या तिथे राहिलं. फक्त कोणाला नेमायचं हे राजानं ठरवणं बंद झालं. ब्रिटनमध्ये संसदेनं मंजूर केलेल्या विधेयकाला राजसत्तेनं शेवटचा नकार दिला तो १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात. नकाराचा अधिकार रद्द झाल्याचा कायदा आजही नाही. पण तो कोणी वापरील असं कुणाला वाटतही नाही.

६ सप्टेंबर २०२२ रोजी लिझ ट्रस स्कॉटलंडमधल्या बॅल्मोरल किल्ल्यावर गेल्या आणि ९६ वर्षांच्या राणी एलिझाबेथनं त्यांना पंतप्रधान नेमलं. हातात काठी घेऊन हसतमुख उभ्या राणीचं ते छायाचित्र जगभर गेलं. दोनच दिवसांनी राणी वारली. ट्रसबाईंचं पंतप्रधानपदही दोन महिन्यांच्या आत संपलं. त्यांना आणलं त्यांच्या पक्षानं, घालवलंही पक्षानं. दोन्ही वेळेला राजवाड्याचं काम झाल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करण्याचं होतं.

शिक्का मारणाऱ्याचीही कधीकधी पंचाईत होते. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीनं संसदेचं अधिवेशन पाच आठवड्यांसाठी स्थगित केलं. पंतप्रधानांचा सल्ला मानायचा हा तर नियमच. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की तो सल्लाच बेकायदा होता, म्हणून स्थगितीही रद्द. राणी चुकली असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हणायला जागाही नव्हती: निर्णय तिचा नव्हताच, फक्त नाव तिचं होतं.

युरोपात आज अशी बारा राज्यं आहेत जिथे या ना त्या रूपात राजेशाही आहे: राजा, ग्रँड ड्यूक, प्रिन्स, आणि व्हॅटिकनमध्ये पोप. (पोपही निवडूनच येतो, पण मतदार फक्त कार्डिनल.) या बाराही राज्यांना एकाच मापानं मोजणं चूक आहे. एका टोकाला स्वीडन. तिथे १९७४ च्या राज्यघटनेनं राजाच्या हातातला शिक्काही काढून घेतला. पंतप्रधानपदाचं नाव संसदेचा सभापती सुचवतो, संसद मत देते, राजा कायद्यांवर सहीसुद्धा करत नाही. दुसऱ्या टोकाला लिक्टेनश्टाइन. तिथला प्रिन्स कायदा अडवू शकतो, सरकार बरखास्त करू शकतो. २००३ मध्ये त्याचे अधिकार वाढवण्यावर सार्वमत झालं. मान्य झालं नाही तर मी देश सोडून व्हिएन्नाला राहायला जाईन, असं हान्स-आडाम दुसरा यांनी सांगून टाकलं होतं. लोकांनी मान्य केलं. २०१२ मध्ये त्याचा नकाराधिकार कमी करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ७६ टक्के लोकांनी तो फेटाळला. राजेशाही म्हणजे लोकांच्या मनाविरुद्ध लादलेली गोष्ट, हे समीकरण या चिमुकल्या देशात बसत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बेल्जियम आहे, आणि तिथली १९९० ची गोष्ट मला या साऱ्या विषयातली सगळ्यात विलक्षण वाटते. गर्भपाताला काही अटींवर परवानगी देणारा कायदा संसदेनं मंजूर केला. राजा बोदवाँ श्रद्धाळू कॅथलिक होता, त्याला स्वतःला मूल नव्हतं. त्यानं पंतप्रधानांना कळवलं, माझ्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटत नाही, मी सही करणार नाही. आता काय करणार? राजानं सही नाकारली तर लोकशाही अडते, राजाला घालवलं तर देश दुभंगतो. मग मंत्रिमंडळानं राज्यघटनेतलं एक कलम शोधून काढलं. राजा राज्य करायला असमर्थ झाला, तर त्याचे अधिकार मंत्रिमंडळाकडे जातात. ४ एप्रिलला राजा ‘असमर्थ’ असल्याचं जाहीर झालं, मंत्र्यांनी कायद्यावर सह्या केल्या, आणि ५ एप्रिलला संसदेनं ठराव केला की राजा पुन्हा समर्थ झाला आहे. एका दिवसाची रजा! राजाची बुद्धी शाबूत, कायदाही शाबूत.

शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये २००८ साली ग्रँड ड्यूक आंरी यांनी इच्छामरणाच्या कायद्याबाबत अशीच भूमिका घेतली. तिथल्या संसदेनं रजाबिजा काही दिली नाही. सरळ राज्यघटना दुरुस्त केली: यापुढे ग्रँड ड्यूकनं कायदा फक्त जाहीर करायचा, त्याची संमती लागणार नाही. सहीला नकार देण्याचा अधिकार वापरला, आणि वापरताच तो गेला.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. हिटलरच्या दूतानं राजा हाकोन सातवा याच्याकडे मागणी केली, नॉर्वेतल्याच नाझीधार्जिण्या क्विसलिंगला पंतप्रधान नेमा. राजानं आपल्या मंत्र्यांना सांगितलं: निर्णय तुमचा, पण तुम्ही ही मागणी मान्य केलीत तर मी राजपद सोडेन. मंत्र्यांनी मागणी फेटाळली. एरवी कागदी वाटणारा नेमणुकीचा अधिकार त्या दिवशी खरा ठरला.

आता राजा नसलेले देश. तिथे राजाच्या रिकाम्या जागेवर राष्ट्राध्यक्ष बसवला गेला, आणि खरा गोंधळ इथून सुरू होतो.

सगळ्यांचा एक समज असतो: राष्ट्राध्यक्षाला थेट जनतेनं निवडलं असेल तर तो बलवान, संसदेनं निवडलं असेल तर नामधारी. ऐकायला पटतं, पण तपासायला गेलं की फसतं. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांमधून निवडून येतो आणि तरी त्याच्या हाती फारसं काही नसतं. एखादं विधेयक घटनेत बसतं का हे तपासायला सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवणं, हा त्याच्या मोजक्या स्वतंत्र अधिकारांपैकी एक. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओ डॉली यांनी तो वापरला, म्हणून संरक्षणमंत्र्यानं लष्करी छावणीतल्या कार्यक्रमात त्यांना जाहीरपणे लाज आणणारा ठरवलं. ओ डॉली यांनी पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी राजीनामा दिला. अपमान करणारा मंत्री मात्र खुर्चीवर राहिला.

इटलीत बरोबर उलट. तिथला राष्ट्राध्यक्ष संसद आणि प्रांतांचे प्रतिनिधी मिळून निवडतात, मुदत सात वर्षं. जनता मत देत नाही. पण इटलीतच त्याच्या अधिकारांना अकॉर्डियनची उपमा देतात: पक्ष मजबूत असले की वाद्य मिटलेलं, पक्ष विस्कटले की ते ताणलं जातं. मे २०१८ मध्ये दोन पक्षांच्या आघाडीनं युरोवर टीका करणारे पाओलो साव्होना यांचं नाव अर्थमंत्री म्हणून पुढे केलं. राष्ट्राध्यक्ष सर्जिओ मातारेल्ला यांनी ते नाकारलं. एकच गदारोळ झाला, महाभियोगाच्या गोष्टी निघाल्या. चार-पाच दिवसांत आघाडी नवी यादी घेऊन परत आली. साव्होना मंत्री झाले, पण अर्थखातं दुसऱ्याकडे गेलं. पंतप्रधान बदलत राहतात आणि राष्ट्राध्यक्षांच्या क्विरिनाले राजवाड्यातला माणूस सात वर्षं जागचा हलत नाही. अशा देशात ‘नामधारी’ हा शब्द जपूनच वापरावा.

ऑस्ट्रियाचं प्रकरण आणखी निराळं. तिथल्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला भरभक्कम अधिकार आहेत: चॅन्सलरला, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला, नेमणं, काढणंसुद्धा. पण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ते वापरलेच नाहीत. कपाटात तलवार आहे हे सगळ्यांना माहीत, कपाट उघडायचं नाही हेही सगळ्यांना माहीत. मग मे २०१९ मध्ये उपचॅन्सलरची इबिझा बेटावर चोरून केलेली चित्रफीत बाहेर आली. आघाडी मोडली. आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष आलेक्झांडर फान डेर बेलेन यांनी चॅन्सलरच्या शिफारशीवरून गृहमंत्र्याला काढलं. मग संसदेनं चॅन्सलर सेबास्टियान कुर्त्स यांनाच अविश्वास ठरावानं घालवलं. आणि राष्ट्राध्यक्षांनी घटना न्यायालयाच्या अध्यक्षा ब्रिगिटे बीअरलाइन यांना चॅन्सलर नेमलं. कोणीही न निवडलेल्या अधिकाऱ्यांचं सरकार निवडणुकीनंतरची आघाडी जमेपर्यंत देश चालवत राहिलं, आणि देश व्यवस्थित चालला.

आइसलँडचीही तीच कथा. राष्ट्राध्यक्षानं कायदा नाकारला तर तो सार्वमताला जातो, असं कलम होतं, पण २००४ पर्यंत कोणी त्याला हात लावला नव्हता. बँका बुडाल्यावर ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे आइसलँडच्या करदात्यांनी फेडायचे असा कायदा झाला. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सोन यांनी त्यावर सही नाकारली. मार्चमधल्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी तो फेटाळला. दुसरा करार आला, त्यांनी तोही नाकारला, लोकांनी तोही फेटाळला.

तेव्हा निवड कशी होते हे पाहून अंदाज बांधायचा नाही. पदनामावर तर मुळीच विसंबायचं नाही. स्पेनमध्ये राजा आहे आणि तरी पंतप्रधानाचं अधिकृत नाव ‘सरकारचा अध्यक्ष’ असं आहे. इटलीचा पंतप्रधान ‘मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष’. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कच्या पंतप्रधानांच्या पदाचा शब्दशः अर्थ लावला तर तो निघतो ‘राज्यमंत्री’.

मी स्वतः एकच प्रश्न विचारतो: कोण कोणाला घरी पाठवू शकतं? पंतप्रधानाला संसद घालवू शकते का, राष्ट्राध्यक्ष घालवू शकतो का, दोघंही? आणि राष्ट्राध्यक्ष संसदेलाच घरी पाठवू शकतो का? या एका प्रश्नानं फ्रान्ससारखा अवघड देशही उलगडतो.

फ्रान्सची सध्याची राज्यघटना १९५८ ची, शार्ल द गोल यांच्या मापानं शिवलेली. आधीच्या व्यवस्थेत सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत, म्हणून वर एक भक्कम राष्ट्राध्यक्ष बसवला. पंतप्रधान तो नेमतो, संसदेचं कनिष्ठ सभागृह तो विसर्जित करू शकतो, दर आठवड्याची मंत्रिमंडळाची बैठक त्याच्याच एलिझे राजवाड्यात आणि त्याच्याच अध्यक्षतेखाली होते. पण पंतप्रधानाला घालवण्याचा अधिकार संसदेकडेही ठेवला. म्हणजे पंतप्रधानाला दोन मालक. संसदेत राष्ट्राध्यक्षाचंच बहुमत असेल तर अडचण नाही. मालक दोन, पण मत एक. पंतप्रधान मग मुकादमासारखा राबतो आणि लोकांचा राग आला की त्यालाच पुढे करून बदललं जातं.

मार्च १९८६ मध्ये पहिल्यांदा गणित बिघडलं. राष्ट्राध्यक्ष समाजवादी फ्रान्स्वा मितराँ, संसदेत बहुमत उजव्यांचं. मितराँनी विरोधी गटाचे जाक शिराक यांना पंतप्रधान नेमलं, कारण दुसरा कोणी टिकला नसता. फ्रेंचांनी या संसाराला शब्द दिला तो एकत्र राहणाऱ्या जोडप्याचा: ‘कोआबितास्याँ’. मे महिन्यात टोकियोला सात बड्या देशांची बैठक होती, तिथे फ्रान्सकडून दोघंही हजर झाले. जुलैत शिराक सरकारनं ६५ मोठ्या कंपन्या खासगी करण्याचा अध्यादेश पुढे केला. १४ जुलैला, ऐन राष्ट्रीय दिनी, मितराँनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की मी त्यावर सही करणार नाही. मग शिराक यांनी तोच मजकूर साध्या विधेयकाच्या रूपात संसदेतून मंजूर करून घेतला, आणि मितराँना तो जाहीर करावा लागला. कारभार कोणाच्या हाती आहे ते त्या उन्हाळ्यात स्पष्ट झालं. संसदेत बहुमत नसलेला फ्रेंच राष्ट्राध्यक्ष परराष्ट्र आणि संरक्षण यांच्यापुरता उरतो.

असा संसार आणखी दोनदा झाला, शेवटचा १९९७ ते २००२. एकदा तर पाच वर्षं. त्याला कंटाळून राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली आणि संसदेची निवडणूक त्याच्या निवडीनंतर लगेच ठेवली. लाटेवर आलेल्या राष्ट्राध्यक्षाला बहुमतही मिळेल, असा हिशेब. वीस वर्षं तो बरोबर आलाही.

मग जून २०२४ मध्ये एमान्युएल मॅक्रॉन यांनी मुदतीआधीच सभागृह विसर्जित केलं. नव्या सभागृहात तीन गट आले, कोणाकडेच बहुमत नाही. मिशेल बार्निए सप्टेंबरात पंतप्रधान झाले आणि डिसेंबरात अविश्वास ठरावानं गेले. ५७७ पैकी ३३१ मतं विरोधात. १९६२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं. (१९६२ मध्ये द गोल यांनी उलट संसदच विसर्जित केली, निवडणूक जिंकली आणि घालवलेले पाँपिदू यांनाच परत नेमलं.) बार्निएंनंतर फ्रान्स्वा बायरू, सप्टेंबर २०२५ मध्ये तेही विश्वासदर्शक ठराव हरले. मग सेबास्तियाँ लकोर्न्यू. त्यांनी मंत्रिमंडळ जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला, त्याच आठवड्यात मॅक्रॉन यांनी त्यांनाच पुन्हा नेमलं. नेमण्याचा अधिकार एकाकडे आणि घालवण्याचा अनेकांकडे असला की असं होतं.

या दोन मालकांच्या पद्धतीला अभ्यासक अर्ध-अध्यक्षीय म्हणतात. पोलंडचं विमान त्यातूनच उडालं होतं. फिनलंडमध्येही याच काळात राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन आणि पंतप्रधान मात्ती व्हानहानेन यांच्यात युरोपीय बैठकांना कोणी जायचं यावरून धुसफूस होती. तिथल्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘ताटांचं भांडण’, कारण नेत्यांच्या मेजवानीत प्रत्येक देशाला एकच पान मांडलेलं असे. फिनलंडनं शेवटी २०१२ मध्ये घटना दुरुस्त केली: ताट पंतप्रधानाचं. त्याच वर्षी रोमानियात घटना न्यायालयानं नेमकं उलटं सांगितलं, जाण्याचा हक्क राष्ट्राध्यक्षाचा. पंतप्रधान व्हिक्टर पोन्ता यांनी निकाल ऐकला आणि तरीही ते स्वतःच ब्रसेल्सला गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या बहुमतानं राष्ट्राध्यक्ष बसेस्कु यांना निलंबित केलं. त्यांना कायमचं घालवायला सार्वमत घेतलं, बहुतेक मतं घालवण्याच्या बाजूनं पडली, पण निम्म्याहून जास्त मतदार फिरकलेच नाहीत, म्हणून सार्वमत अवैध ठरलं आणि बसेस्कु राहिले. आज ब्रसेल्सच्या नेत्यांच्या छायाचित्रात राष्ट्राध्यक्ष दिसतात ते मुख्यतः फ्रान्स, सायप्रस, लिथुआनिया आणि रोमानिया या देशांचे. बाकी सगळे पंतप्रधान किंवा चॅन्सलर. राजा एकही नाही.

संसदेनं घालवायचं म्हणजे कसं, यातही मोठी कारागिरी आहे. जर्मनीत विरोधकांनी नुसतं ‘हा चॅन्सलर नको’ म्हणून चालत नाही. ‘हा नको आणि त्याच्या जागी अमुक हवा’ असं एकाच ठरावात म्हणावं लागतं. हे कलम १९४९ चं, आणि त्यामागे १९३० च्या दशकाची जखम आहे. तेव्हाच्या संसदेत नाझी आणि कम्युनिस्ट मिळून कोणतंही सरकार पाडू शकत, बनवू मात्र शकत नसत. मग राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आणीबाणीच्या कलमावर चॅन्सलर नेमत राहिले, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी त्यांनी हिटलरला नेमलं. नव्या घटनेनं राष्ट्राध्यक्षाचे दात काढले आणि पाडापाडीचा खेळही अवघड केला. तेव्हापासून असा ठराव यशस्वी झाला तो एकदाच, १९८२ मध्ये, श्मिट गेले आणि कोल आले. स्पेननं ही युक्ती उचलली. २०१८ मध्ये पेद्रो सांचेझ याच वाटेनं आले.

स्वीडनचं गणित वेगळंच. तिथे पंतप्रधानाला बहुमत मिळावं लागत नाही, फक्त विरोधात बहुमत नसावं लागतं. ३४९ जागा, म्हणून विरोधाची १७५ मतं झाली तरच नाव पडतं. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूनं ११७ मतं पडली, विरोधात १७४, बाकीचे तटस्थ किंवा गैरहजर. अवघ्या एका मतानं त्या वाचल्या आणि देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान ठरल्या. त्याच दुपारी अर्थसंकल्पावरून मित्रपक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि काही तासांत त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान झालं, बाजूनं १०१, विरोधात १७३, आणि त्या पुन्हा निवडल्या गेल्या. पहिल्या वेळेपेक्षा कमी मतं मिळवून.

काही देशांनी मात्र एक प्रमुख की दोन, या वादातच पडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. स्वित्झर्लंडमध्ये सात जणांची परिषद हीच राष्ट्रप्रमुख आणि हीच सरकार. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, आणि अध्यक्ष झालेला माणूस आपलं खातं सांभाळतच वर्षभर पाहुण्यांचं स्वागत करतो. आत्ताचा स्विस अध्यक्ष कोण हे पटकन सांगणारा माणूस देशाबाहेर मिळणं कठीण, आणि मला तर ते त्या पद्धतीचं यशच वाटतं. सान मारिनोत दोन राष्ट्रप्रमुख असतात, दर सहा महिन्यांनी नवे, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला सूत्रं घेतात. तेराव्या शतकापासून हे चालू आहे. अँडोरालाही दोन, पण दोघंही बाहेरचे: शेजारच्या स्पेनमधल्या उर्हेलचा बिशप आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. १२७८ च्या तडजोडीतून हे आलं. एका बाजूचा हक्क वारशानं फ्रान्सच्या राजाकडे गेला, आणि राजा गेल्यावर राष्ट्राध्यक्षाकडे. म्हणजे राजाचं डोकं उडवणाऱ्या प्रजासत्ताकाचा प्रमुख शेजारच्या दरीत राजकुमार आहे, आणि त्याला निवडताना अँडोराच्या माणसाला मत नाही.

बोस्नियात राष्ट्रप्रमुख तीन आहेत: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. अध्यक्षपद दर आठ महिन्यांनी फिरतं. १९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबवलं, आणि कोणीच कोणावर राज्य करू नये म्हणून हे तीन पायांचं स्टूल बनवलं. या तिन्हींपैकी कोणत्याच समाजाचा नसलेला नागरिक, समजा ज्यू किंवा रोमा, या पदासाठी उभा राहू शकत नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानं २००९ मध्ये हा भेदभाव ठरवला. आणि तिघांच्या वर एक आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी, ज्याला कायदे लादण्याचा अधिकार दिलेला आहे. कोण कोणाला घरी पाठवू शकतं या प्रश्नाचं उत्तर इथे देशाच्या हद्दीबाहेर जातं.

हा प्रश्नही जिथे हात टेकतो असा देश म्हणजे रशिया. घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला काढू शकतो. २००८ मध्ये सलग दोन मुदती संपल्यावर व्लादिमीर पुतिन पंतप्रधान झाले आणि दिमित्री मेदवेदेव राष्ट्राध्यक्ष. चार वर्षं कागदावर मेदवेदेव वरिष्ठ होते. २०१२ मध्ये दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल केली. त्या चार वर्षांत मेदवेदेव यांनी पुतिनना काढलं असतं का, हा प्रश्न मॉस्कोत कोणी गांभीर्यानं विचारत नव्हतं.

आणि ज्या युरोपीय संघाच्या टेबलाशी पोलंड, फिनलंड, रोमानिया भांडले, त्याला स्वतःलाही दोन अध्यक्ष आहेत: एक नेत्यांच्या परिषदेचा, एक संघाचा रोजचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचा. ६ एप्रिल २०२१ रोजी दोघंही अंकाऱ्याला तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या भेटीला गेले. दालनात यजमानाशेजारी खुर्ची एकच होती. परिषदेचे शार्ल मिशेल जाऊन तिच्यावर बसले. आयोगाच्या उर्सुला फॉन डेर लायन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, हात किंचित पुढे करून त्यांनी घसा खाकरल्यासारखा आवाज केला, आणि मग बाजूच्या लांब सोफ्यावर जाऊन बसल्या.